ॲरनचं पोर आणि लॅव्हिनियाची जीभ

शेक्सपिअरचं नाव निघालं की आपले प्राध्यापक हात जोडतात. हॅम्लेट, मॅक्बेथ, लिअर. पण ‘टायटस अँड्रॉनिकस’चं नाव काही त्यांच्या तोंडून निघत नाही. रक्तपाताचं, हलकं नाटक म्हणे. कॉलेजात मी एका सरांना विचारलं तर म्हणाले, “ते सोड, परीक्षेला नाही.” सोडायला सांगितलेलं आधी वाचायचं, ही आपली जुनी खोड. वाचलं, आणि झोप उडाली.

१५९४ च्या जानेवारीत लंडनच्या रोझ थिएटरात या नाटकाचा खेळ झाल्याची नोंद आहे. त्याच वर्षी ते छापलं गेलं, लेखकाचं नाव न घालता. राज्य पहिल्या एलिझाबेथचं. पुढं १५९६ मध्ये याच राणीच्या दरबारातून लंडनच्या महापौराला पत्र गेलं, की देशात काळी माणसं आधीच फार झालीत, काहींना बाहेर पाठवा. असा तो काळ. स्टेजवर काळा माणूस म्हणजे तोंडाला काळं फासलेला गोरा नट. बाई म्हणजे झगा घातलेला पोरगा. ही रीत १६६० पर्यंत चालली. काळ्याच्या नावानं गोरा बोलणार, बाईच्या नावानं पुरुष बोलणार. हे ध्यानात ठेवा, मग नाटकात शिरू.

टायटस हा रोमचा सेनापती. गॉथ लोकांना हरवून त्यांची राणी टमोरा हिला तो कैद करून आणतो आणि तिच्या थोरल्या पोराचा बळी देतो. आई गुडघे टेकून विनवते, हा ऐकत नाही. धर्मकार्य ना! त्याच दिवशी आडवा आला म्हणून स्वतःच्याही एका मुलाला कापतो. हा नाटकातला ‘सुसंस्कृत’ माणूस!

टमोरा पुढं रोमच्या बादशहाची बायको होते. तिचा यार ॲरन. जातीनं मूर, रंगानं काळा. टमोराची दोन पोरं टायटसच्या मुलीवर, लॅव्हिनियावर टपलेली. जंगलात ते तिच्या नवऱ्याला मारतात. ती टमोराला विनवते, तू बाई आहेस, मला सोडव. टमोरा तोंड फिरवते. ते दोघं लॅव्हिनियावर बलात्कार करतात, तिची जीभ छाटतात, हात तोडतात. तिनं सांगायला नको, लिहायला नको. पण लॅव्हिनिया तोंडात काठी धरते, थोट्या हातांनी वळवते आणि वाळूत त्यांची नावं लिहिते.

मग टमोराला मूल होतं. काळं. दाई ते ॲरनकडं आणते. राणीचा निरोप असा, की याला खंजिरानं संपव. त्या तान्ह्या जिवाचा गुन्हा काय? त्याचा रंग राणीच्या बिछान्याची साक्ष देतो, एवढाच. ॲरन तलवार उपसतो. हे माझं पोर आहे, काळा रंग काय वाईट, त्याच्यावर दुसरा रंग चढत नाही, असं त्या गोऱ्यांना ठणकावतो. पकडला गेल्यावरही सौदा करतो तो पोराच्या जिवासाठी. आणि शेवटच्या मेजवानीत टायटस स्वतःच्या हातानं लॅव्हिनियाला मारतो. नासवलेली पोर जगली तर बापाची अब्रू जाते! ज्याला सैतान म्हणतात तो पोर वाचवतो, ज्याला वीर म्हणतात तो पोरीला मारतो.

काळं पोर मारायचं ते वंशासाठी आणि लॅव्हिनियाला मारायचं ते घराण्यासाठी. दोन्हीकडं पहारा बाईच्या कुशीवर. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईला जखडावं लागतं, हे त्यांनी त्यात उलगडून दाखवलं. तो निबंध वाचलेल्याला रोम परका वाटणार नाही.

इथं ॲरनसाठी टाळी वाजवावीशी वाटते. मीही वाजवली. मग पानं मागं उलटली. लॅव्हिनियावरून भांडणाऱ्या त्या दोघांना जंगलाची वाट कोणी दाखवली? ॲरननंच. पोराचं गुपित फुटू नये म्हणून निरोप आणणाऱ्या दाईला कोणी मारलं? त्यानंच. तुम्ही म्हणाल, गोऱ्या प्रेक्षकाला काळा सैतानच हवा होता, म्हणून लेखकानं तसा रंगवला. खरं आहे. पण तेवढं म्हटल्यानं लॅव्हिनियाची जीभ परत येत नाही.

आयरा ऑल्ड्रिज हा १८०७ साली न्यूयॉर्कला जन्मलेला काळा नट. १८३३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला तो ऑथेल्लो म्हणून उभा राहिला, तेव्हा तिथल्या काही वर्तमानपत्रांनी त्याच्या रंगावरून गरळ ओकली. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. १८५० नंतरच्या दशकात त्यानं ‘टायटस’चं रूपांतर करून घेतलं आणि ॲरनला थोर, उमदा नायक केलं. कसं? १८५७ च्या एका परीक्षणात लिहिलंय, की लॅव्हिनियावरचा बलात्कार, छाटलेली जीभ, तोडलेले हात, सगळं गाळून टाकलं होतं.

त्याची अडचण मला कळते. सभ्य म्हणवणाऱ्या प्रेक्षकांपुढं त्याला काळ्याचं माणूसपण उभं करायचं होतं. पण त्याची किंमत बाईच्या जखमेनं भरली. पहिल्यांदा तिची जीभ छाटली रोममध्ये, दुसऱ्यांदा गाळली आपल्याच माणसानं.

मित्रांनो, आपण ॲरनची तलवार लगेच उचलतो. आपला रंग, आपली जात, आपलं माणूसपण यांवर कविता लिहितो. लिहायलाच पाहिजे. पण आपल्या वस्तीतली बाई आपल्याच माणसाचं नाव घेते तेव्हा आपण म्हणतो, “आत्ता नको, चळवळीची बदनामी होईल.” हे गाळणंच आहे.

नाटकाच्या शेवटी ॲरनला छातीपर्यंत पुरून उपाशी मारायचा हुकूम होतो. त्या पोराचं पुढं काय झालं, नाटक सांगत नाही.

हा अंक जुळवताना बायकांची नावं मोजली. एका हाताची बोटंही पुरून उरली. लाज वाटली. पुढच्या अंकाची पानं मोकळी ठेवलीत. बहिणींनो, लिहा. नावानिशी लिहा. आमची नावं आली तरी छापू.