शब्द बिघडतात की घडतात?

“हल्लीच्या पोरांनी इंग्रजी पार बिघडवली,” हा सूर आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. ‘सिक’ म्हणजे आजारी, असे आपण पाठ केलेले. आणि तिकडचा तरुण एखाद्या झकास गाण्याला ‘सिक’ म्हणून दाद देतो! साहजिकच भुवया उंचावतात. मला मात्र ही तक्रार पटत नाही.

एक तर ती फार जुनी आहे. जोनाथन स्विफ्टने १७१० साली ‘टॅटलर’मध्ये ‘मॉब’सारख्या बोलीतल्या शब्दांवर कोरडे ओढले, १७१२ मध्ये तर इंग्रजीला कायमचे स्थिर रूप द्यावे, अशी सूचनाच मांडली. भाषेने त्याचे ऐकले नाही. ‘मॉब’ आज प्रतिष्ठित वर्तमानपत्रांतही सुखेनैव नांदतो. ‘नाइस’चे लॅटिन मूळ ‘अज्ञानी’ या अर्थाचे. इंग्रजीत तो आधी ‘मूर्ख’, पुढे ‘चोखंदळ’, ‘काटेकोर’ आणि अखेर ‘छान’ झाला. ‘टेरिफिक’ मुळात भीती उत्पन्न करणारा. आज ती शाबासकी आहे. यात नवल काय? आपणही ‘भयंकर आवडले’ म्हणतोच की!

दुसरे असे की, हे नवे अर्थ पुष्कळदा उपेक्षितांच्या तोंडून येतात. ‘थंड’ या अर्थाच्या ‘कूल’ला प्रशंसेचा रंग चढला तो कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या आणि त्यांच्या जाझ वादकांच्या बोलीत. ‘बॅड’ म्हणजे ‘फक्कड’, हा उलटा अर्थही त्यांचाच. १९८७ साली मायकेल जॅक्सनने तो गाण्यातून जगभर नेला. पण त्याच समाजाच्या मुलांची बोली शाळेत अशुद्ध ठरत होती. शिक्षकांनी मुलांची घरची बोली ओळखून शिकवले पाहिजे, हे १९७९ साली ॲन आर्बरच्या खटल्यात न्यायालयाला सांगावे लागले! शब्द उचलायचा आणि तो घडवणाऱ्याला हसायचे, हा कुठला न्याय?

आपण तरी वेगळे काय करतो? ‘कूल’ म्हणणारा आपल्याला आधुनिक वाटतो. खेड्यातून आलेल्या मित्राच्या तोंडी त्याच्या गावचा शब्द आला की वर्गात खसखस पिकते.

उत्तरपत्रिकेत शेक्सपिअरला ‘सिक’ म्हणा, असे मी सुचवत नाही. कोणता शब्द कुठे शोभतो, याचे भान हवेच. मात्र प्राध्यापकांनी शब्दाच्या अर्थाबरोबर त्याचा प्रवासही शिकवावा, एवढीच विनंती. तो कळला, तर दुसऱ्याच्या बोलीला हसण्यापूर्वी आपण क्षणभर थांबू.