सायकलस्वाराचा कॅमेरा

सुटीच्या दिवशीं सायकलवरून दूरवर हिंडावयास जाण्याची आवड आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत अलीकडे पुष्कळ वाढली आहे, आणि ही गोष्ट आनंदाची आहे. तिच्या पाठोपाठ वाटेंत दिसेल त्याचें छायाचित्र घेण्याची हौसहि आली. "मुलास कॅमेरा घेऊन द्यावा, कीं घरचा फोनच त्याच्या हातांत द्यावा? आणि कॅमेरा घ्यावयाचा तर कोणता?" असा प्रश्न कांहीं पालकांनीं मजकडे काढिला. वर्गाच्या दारांत उभें राहून दिलेलें उत्तर अशा प्रश्नास पुरत नाहीं, म्हणून येथें थोडें विस्तारानें लिहितों.

प्रथम भूमीचा विचार. वांगणी म्हटलें कीं मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें मध्य रेल्वेचें स्थानक उभें राहतें. आमची वांगणी ती नव्हे. जव्हार-मोखाड्याच्या या डोंगराळ मुलखांत सपाट रस्ता फार थोडा. चढ, वळण, उतार, आणि पुन्हां चढ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पाठ सोडीत नाहीं, आणि तो सरला कीं तांबडी धूळ उडूं लागते. हे दोन्ही शत्रू दुकानांतील कांचेच्या कपाटापाशीं दिसत नाहींत; म्हणून तेथें उभा राहिलेला गिऱ्हाईक मेगापिक्सेल मोजीत बसतो. माझ्या मतें तो आंकडा सर्वांत शेवटीं पाहावा. बारा मेगापिक्सेलच्या चित्रांत ४००० गुणिले ३००० बिंदू असतात. इंचास ३०० बिंदू हें चांगल्या छपाईचें माप धरलें तरी त्यांतून तेरा इंच लांब व दहा इंच रुंद चित्र निघतें. आपल्या या वार्षिकाचें पान त्याहून लहान आहे.

"फोनमध्यें कॅमेरा असतांना दुसरा कशाला?" हा आक्षेप रास्त आहे. चांगल्या उजेडांत व कोरड्या हवेंत फोनचें चित्र पुष्कळ लहान कॅमेऱ्यांच्या तोडीचें येतें, हें मी मान्य करितों. परंतु आमच्या कित्येक घरांत फोन एकच. बापाच्या कामाचा निरोप त्यावर येतो, बँकेचा सांकेतिक आंकडा त्यावर येतो, धाकट्या बहिणीचा अभ्यासहि त्यावरच होतो. तो घाटांत निसटून फुटला तर अर्धें घर बंद पडतें. शिवाय, कोणी पडलें-झडलें तर रेंज मिळेल अशी टेकडी गांठून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्याचें साधन तेंच. त्याची बॅटरी धबधब्यांवर खर्चून टाकणें मला शहाणपणाचें वाटत नाहीं. ओल्या बोटांस त्याची कांच नीट दाद देत नाहीं, हें निराळेंच. ज्यांचे वडील भाऊ मोटारसायकलच्या दांड्यास फोन बांधून हिंडतात त्यांनीं आणखी एक गोष्ट ऐकावी. मोठ्या इंजिनाच्या कंपनांनीं कॅमेऱ्याचें भिंग स्थिर ठेवणारी आंतील नाजूक रचना बिघडूं शकते, असा इशारा ॲपल कंपनीनें २०२१ सालीं स्वतःच दिला आहे.

प्रवासी माणसानें खिशांत मावेल असा, दणकट कॅमेरा शोधणें ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. कोडॅक कंपनीनें १९१२ सालीं घडी होऊन बंडीच्या खिशांत बसणारा कॅमेरा काढला. १९२४ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेंत शेवटच्या चढाईस निघतांना मॅलरीनें आपला सोबती सॉमरव्हेल याचा असाच खिशांतला कोडॅक मागून नेला, असें सांगतात. हा सॉमरव्हेल म्हणजे त्रावणकोरांत नेय्यूर येथील मिशन रुग्णालयांत पुढें अनेक वर्षें सेवा केलेला शस्त्रवैद्य. मॅलरीचा देह १९९९ सालीं सांपडला. त्याजवळ कॅमेरा नव्हता. म्हणून ते दोघे शिखरावर पोहोंचले कीं नाहीं हा वाद अजून चालू आहे. मुंबईहून १९२३ सालीं सायकलवर जगप्रवासास निघालेल्या पारशी तरुणांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे मात्र १९२८ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून सुखरूप परतले. त्यांचें पुस्तक आणि कांहीं छायाचित्रें आज आपल्यास पाहावयास मिळतात.

आतां मुख्य प्रश्न. सायकलस्वारास चपळाई व चिवटपणा असे दोन गुण हवेत, आणि ते बहुधा एका यंत्रांत मिळत नाहींत. २०१९ सालीं निघालेला रिको कंपनीचा जीआर-थ्री घ्या. कळ दाबल्यापासून सेकंदाच्या आंत तो सज्ज होतो. त्यांत अंतर आधींच ठरवून ठेवतां येतें: अडीच मीटरवर नेम धरून भिंगाचें छिद्र एफ-आठवर ठेवलें कीं सुमारें सव्वा मीटरापासून क्षितिजापर्यंत सर्व कांहीं स्पष्ट येतें, आणि नेम साधण्यांत क्षणहि जात नाहीं. चित्र तर अत्यंत सुंदर. परंतु त्यास पाण्यापासून संरक्षण नाहीं, आणि प्रत्येक वेळीं त्याची नळी बाहेर येते. तिच्यावाटे आमची तांबडी धूळ आंत शिरून सेन्सरवर बसली तर पुढच्या प्रत्येक चित्रांत आकाशाला एक डाग पडतो. तो घरीं काढतां येत नाहीं.

दुसऱ्या बाजूस ओएम सिस्टिमचा, म्हणजे पूर्वीच्या ऑलिंपसच्या घराण्यांतला, टीजी-सेव्हन. हा २०२३ सालीं निघाला. पंधरा मीटर खोल पाणी, २.१ मीटर उंचीवरून पडणें व शंभर किलोचा दाब हें सर्व तो सोसतो, असें कंपनी सांगते. त्याचें भिंग बाहेर येतच नाहीं. आंत प्रकाश काटकोनांत वळवून भिंगें पेटीच्या आंतच सरकतात. सेन्सर लहान, म्हणून आषाढांतल्या अंधाऱ्या झाडींत त्याच्या चित्रांस रवाळपणा येतो. दोहोंचें वजन पाव किलोच्या आसपास. मला विचाराल तर आमच्या मुलखास हा दुसराच योग्य. रवाळ चित्र पाहतां तरी येतें. पावसाच्या भीतीनें पिशवींत राहिलेल्या कॅमेऱ्याचें चित्र निघतच नाहीं. मात्र त्याचा सारा चिवटपणा रबराच्या एका बारीक पट्टीवर अवलंबून असतो. बॅटरीच्या झाकणाखालीं वाळूचा कण किंवा केस अडकला कीं संपलें. फिरून आल्यावर झाकण बंद ठेवून तो गोड्या पाण्यानें धुवावा, पुसून कोरडा करावा, मगच उघडावा.

जलद कॅमेरा याचा अर्थ चालत्या सायकलवरून छायाचित्र घेणें असा कोणी करूं नये. बहुतेक कॅमेऱ्यांची कळ उजव्या बाजूस असते, आणि आपल्याकडील बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेकहि उजव्याच हातीं. तो हात उचलला कीं उतारावर मागचाच ब्रेक उरतो, आणि ओल्या रस्त्यावर तो एकटा दाबतांच चाक घसरतें. चपळाई हवी ती थांबल्यानंतर: पाय भुईस टेकला, मनगटास अडकविलेला कॅमेरा वर आला, कळ दाबली, झालें. तारेवरचा खंड्या तुमची वाट पाहत बसत नाहीं, आणि मागून येणाऱ्या एस्. टी.च्या चालकासहि तुमच्या कलेशीं कर्तव्य नसतें.

या चपळाईस एक दोषहि आहे. बाया चिखलांत वांकून भाताची आवणी करीत असतात, आणि त्यांनीं मान वर करण्याच्या आंत चित्र निघून गेलेलें असतें. बाहेरचे प्रवासी आमच्या पाड्यांवर असें करितात तें आम्हांस खपत नाहीं. मग आपल्या मुलांनीं शेजारच्या पाड्यावर तेंच कां करावें? दाभोसा धबधब्याला विचारावें लागत नाहीं. माणसाला आधीं विचारावें.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. असा कॅमेरा आमच्या मुलांच्या सायकलीच्या कित्येक पट किंमतीचा असतो, आणि त्यासाठीं कोणा शेतकरी बापानें कर्ज काढावें असें मी कदापि म्हणणार नाहीं. प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शक कोणी आपापल्या मुलासाठीं विकत घेत नाहीं. तो शाळेचा असतो व सर्वांच्या उपयोगीं पडतो. कॅमेऱ्याचेंहि तसेंच व्हावें. कोणी म्हणेल, स्वतःची वस्तु असल्याशिवाय मूल ती जपत नाहीं. ग्रंथालयांतील पुस्तकें पाहिलीं तर हें अर्धेंच खरें दिसतें. पालक व माजी विद्यार्थी यांनीं मिळून एक कॅमेरा घ्यावा, एखादा वापरलेला चालेल, पण त्याचें रबर नीट तपासून घ्यावें. आणि तो सायकलवर जाणाऱ्या तुकडीस पाळीपाळीनें द्यावा. नोंदवहींत चार रकाने पुरेत: नांव, दिवस, रस्ता, आणि परत आल्यावर कॅमेरा धुऊन पुसल्याची सही.