मोरचुदाचा खडा

गावचे पाणी कसे आहे हे जाणून घ्यावयाचे असेल, तर तेथील एखाद्या गृहिणीस विचारावे. तुरीची डाळ शिजावयास किती वेळ लागतो, साबणास फेस कितपत येतो आणि पाणी तापविण्याच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर किती दिवसांत धरतो, एवढ्यावरून ती जे सांगेल ते प्रयोगशाळेच्या अहवालाहून फारसे निराळे निघणार नाही. आमचे बेळगाव जांभ्या दगडावर वसलेले. जांभ्यातून झिरपणारे पाणी सामान्यतः हलके आणि किंचित आंबट वळणाचे असते. तेथून पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास असलेल्या निपाणीस काळी जमीन व तिच्याखाली काळा पाषाण. तेथील विहिरीचे व बोअरचे पाणी जड. दोन्ही गावांची बोली एक, सणवार एक, सोयरीकही परस्परांत. परंतु पाणी मात्र एक नव्हे. ही गोष्ट आम्ही जन्मभर ऐकत आलो होतो. ती आम्हांस खऱ्या अर्थाने कळली ती अकरा माशांच्या मोबदल्यात.

माशांच्या पाण्यावर भाजीपाला पिकविण्याच्या पद्धतीस अ‍ॅक्वापोनिक्स असे म्हणतात. तिच्यात मातीही नाही व विकतचे खतही नाही. टाकीतील मासे खातात, त्यांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया येतो. ते पाणी लहान पंपाने खडीच्या वाफ्यात चढते. खडीवर वस्ती करून राहिलेले जीवाणू त्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पालक, पुदिना, टोमॅटो यांची मुळे ते नायट्रेट शोषून घेतात आणि निवळलेले पाणी पुन्हा टाकीत उतरते. जीवाणूंच्या या कामाचा उलगडा विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास केला. नवी टाकी उभी केल्यावर हे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे जातात. तेवढा धीर नसेल त्याने या नादास लागू नये.

आमची टाकी पाचशे लिटरांची, परसात, उघड्यावर. तीत चौदा सायप्रिनस मासे. (आमच्या घरी मासे खाण्याचा प्रघात नाही; ते पाहण्यापुरते, हे शेजाऱ्यांना आजही पटलेले नाही.) उन्हाळा लागला आणि पाणी हिरवे होऊ लागले. आठ दिवसांत मासे दिसेनासे झाले, नळीतून शेवाळाचे लोंबते पुंजके येऊ लागले. आमची अक्का निपाणीस दिलेली. घरी तंबाखूची शेती. तरव्यावर फवारण्याकरिता मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण करावे लागत असल्याने मोरचुदाचा डबा घरात कायमचा. दूरध्वनीवर तिने सांगितले, "अरे, हरभऱ्याएवढा खडा फडक्यात बांधून पाण्यात फिरव. आमच्या हौदात वर्षानुवर्षे घालतो आम्ही. गप्पी मासे आहेत तसे आहेत." वडील बहिणीचा शब्द, आम्ही तो अक्षरशः पाळला.

दुसऱ्या दिवशी शेवाळ तपकिरी पडले तेव्हा आम्ही समाधान पावलो. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून हवा घेत होते. उजाडल्यावर मोजले तेव्हा तीनच जिवंत होते.

अक्का खोटे सांगत नव्हती. निपाणीच्या पाण्यात विरघळलेला चुनखडीचा अंश पुष्कळ. तांब्याचा बराच भाग तो बांधून टाकतो आणि माशांच्या कल्ल्यांचेही काही प्रमाणात रक्षण करतो. आमच्या पाण्यात तसे राखणदार कोणी नव्हते, तांबे मोकळे राहिले व थेट कल्ल्यांना भिडले. पाण्यातील हा चुनखडीचा अंश लिटरमागे ५० मिलिग्रॅमहून कमी असेल तर मोरचूद वापरूच नये, असा मत्स्यपालनातील दंडक आहे. आम्ही तो नंतर वाचला. शोभिवंत माशांच्या दुकानातून थेंबांची परीक्षापेटी आणून पाहिले, तो आमचा आकडा २० च्या आसपास! शिवाय मेलेले शेवाळ कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू खाते, आणि खडीवरील जीवाणूंनाही तांबे बाधते. म्हणजे एका खड्याने तीन घाव.

शेवाळ स्वतः विष नव्हे. उजेड आणि नायट्रेट जेथे एकत्र मिळतात तेथे ते येणारच. त्याचा उपद्रव होतो तो निराळ्या कारणाने. दिवसा ते पाण्यातील कर्बवायू शोषते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सामू चढतो; हलक्या पाण्यात तर तो ९ पर्यंतही जातो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढू लागते. म्हणून सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळा सामू पाहावा. त्यांत मोठी तफावत दिसली तर उजेड तोडावा. आम्ही टाकीवर लाकडी चौकट करून तीवर दुहेरी गोणपाट ताणले, पारदर्शक नळ्या काढून काळ्या बसविल्या, आणि मासे पाच मिनिटांत संपवतील तेवढेच खाद्य देऊ लागलो. शेवाळाचे पुंजके हातांनी काढून नारळाच्या आळ्यात टाकले. तीन आठवड्यांत तळ दिसू लागला. औषध काहीच घातले नाही.

यानंतर दुसरीच अडचण उभी राहिली. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते, आणि हलक्या पाण्यास ते पेलत नाही. आमचा सामू ६ च्या खाली घसरला व जीवाणू सुस्तावले. यावर खाण्याचा चुना चमच्याने ओतू नये. सामू एकदम उसळतो व मासे हबकतात. मालवणाकडून आणलेले शिंपले धुऊन, फोडून, त्यांची पुरचुंडी आम्ही पाण्याच्या धारेखाली टांगली. पाणी आंबट असेल तेव्हा शिंपला विरतो, सुधारले की विरणे आपोआप मंदावते. आता सामू ६.८ च्या आगेमागे राहतो. मासे, जीवाणू व भाजी या तिघांनाही तो चालतो.

हे वाचून निपाणी, चिकोडीकडील वाचकांनी शिंपले शोधावयास निघू नये. त्यांच्या पाण्यात ते जागचे हलणारही नाहीत. त्यांचे दुखणे उलट आहे. सामू ७ असता जेवढा अमोनिया विषारी रूपात असतो, त्याच्या जवळजवळ दहापट ८ असता होतो. तेव्हा तेथे मासे थोडे ठेवावेत, खाद्यावर हात आखडावा. टोमॅटोची नवी पाने पिवळी पडली तर खत कमी झाले असे समजू नये. जड पाण्यात झाडास लोह घेता येत नाही, त्यासाठी चिलेटेड लोह मिळते तेच वापरावे. आणखी एक. माव्यावर तंबाखूचा काढा फवारण्याची सवय त्या भागात घरोघर आहे. त्याचे थेंब टाकीत उतरले तर निकोटिन माशांस मारक ठरते.

अक्काने यंदा पागोळ्यांचे पाणी पिंपात धरून हौदाच्या पाण्यात एकास एक मिसळून पाहिले. सामू ८.२ वरून ७.६ वर आला, असे तिने कळविले आहे. मोरचुदाचा डबा आता माळ्यावर असून त्यावर तिने खडूने मोठ्या अक्षरांत 'फक्त तरव्याला' असे लिहिले आहे.