ट्रकला ट्रॅक्टरचा रेझिस्टन्स चालत नाही

सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे निघणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये छोटा देव्हारा असतो आणि त्याच्याभोवती एलईडीची माळ. ती विझली की गाडी माझ्या दुकानापुढे थांबते. माळ उघडली की बहुतेक वेळा तेच निघतं: पाव वॅटचा वन-के रेझिस्टन्स, मधोमध करपलेला, पट्ट्यांचा रंग उडालेला.

‘वन-के टाका, सगळीकडे चालतो’ हे आम्हा कारागिरांच्या तोंडी इतकं बसलंय की त्याचा हिशोब कुणी मागत नाही. मागायला हवा.

ट्रॅक्टरवर तो चालतो, हे खरंच. इंजिन सुरू असताना तिथली 12 व्होल्टची बॅटरी 14 च्या पुढेमागे असते. लाल एलईडी त्यातले 2 घेतो. उरलेल्या 12 ला 1000 ने भागा, 12 मिलिअँपिअर. पाव वॅटला आरामात झेपतं. तोच तुकडा मोठ्या ट्रकला लावा. तिथं बॅटरी 24 ची, डायनॅमो फिरताना 28. दोन वजा जाता 26 मिलिअँपिअर. साध्या 5 मिलिमीटरच्या एलईडीला 20 च्या वर नेऊ नये. रेझिस्टन्सवर तर पाऊण वॅटच्या आसपास उष्णता. त्यात आमचा मे महिना, पारा 45 च्या घरात, केबिन बंद. करपेल नाहीतर काय!

ट्रकवर एकट्या लाल एलईडीला मी अर्ध्या वॅटचा 2.2 के लावतो. निळा-पांढरा तीन-सव्वातीन व्होल्ट घेतो. ते चार एका ओळीत जोडले की सगळ्यांना मिळून एक 1.2 के पुरतो. काही जण चारऐवजी आठ जोडून रेझिस्टन्सच काढून टाकतात. एलईडीचं गणित जुन्या बल्बचं नाही. व्होल्ट जरा वाढले की करंट कितीतरी पटीने उसळतो, आणि तापल्यावर तेवढ्याच व्होल्टला तो आणखी ओढतो. ते अडवायलाच तर रेझिस्टन्स आहे.

‘‘एका लाइटीकरता कायले इतका हिशोब, भाऊ?’’ असं चालक विचारतात. हिशोब तो केवढा? एक वजाबाकी, एक भागाकार.

ओहमचा नियम पोरं शाळेत शिकतात, गणितं सोडवून गुणही घेतात. तीच पोरं विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी येऊन ‘एलईडीचा रेझिस्टन्स द्या’ म्हणतात. बॅटरी कितीची, असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. दोष त्यांचा नाही. परीक्षक रंगरंगोटी बघून पुढे जातात, हे त्यांना ठाऊक असतं. शाळांनी मल्टिमीटर कपाटातून काढून त्यांच्या हाती द्यावा आणि परीक्षकांनी एवढंच विचारावं: हाच आकडा का? नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी 20 मिलिअँपिअरने लावायचा तर उत्तर 350 ओहम येतं. दुकानात 330 मिळतो, 390 मिळतो. त्यातला कोणता उचलला आणि का, हे ज्या पोराला सांगता येईल त्याला पहिलं बक्षीस द्या, मॉडेल पुठ्ठ्याचं का असेना.