एकटीवर सोपवू नका

"आमच्यात म्हाताऱ्या माणसांना परक्याच्या हातात देत नाहीत." हे वाक्य मी निपाणी, चिकोडी, बेळगावात इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. बोलणारे बहुतेक वेळा पुण्याहून नाहीतर बंगळूरहून दोन दिवसांसाठी आलेले चिरंजीव असतात. घर मोठं, माडीला कुलूप, सोप्यात आई एकटी आणि तिच्यावर लक्ष ठेवायला भिंतीवर कॅमेरा. परक्याच्या हातात दिली नाही, खरं आहे. मग कुणाच्या हातात दिली? कॅमेऱ्याला हात नसतात. तो "आज जेवण का गेलं नाही?" असं विचारत नाही.

मला सरळ सांगायचंय. रोज ठरल्या वेळी घरी येणारी, आईला आंघोळ घालणारी आणि तिच्याजवळ बसून बोलणारी बाई पगार देऊन ठेवणं यात लाज नाही. ऐपत असून आईला एकटं ठेवण्यात लाज आहे. आणि सगळं एका सुनेच्या गळ्यात घालून त्याला 'संस्कार' म्हणण्यातही लाज आहे.

शास्त्राचा दाखला हवा ना? घ्या. भगवती आराधना हा सल्लेखनेवरचा आपला जुना ग्रंथ. सल्लेखना घेणाऱ्या क्षपकाच्या सेवेला किती निर्यापक असावेत, ते त्यात सांगितलंय. अठ्ठेचाळीस! कामंसुद्धा वाटून दिलीत. काहींनी उठवायचं-बसवायचं, काहींनी मलमूत्र काढायचं, काहींनी दाराशी थांबायचं, आणि काहींनी जवळ बसून धर्मकथा सांगायची. म्हणजे बोलणं हेही सेवेतलं एक काम, त्यासाठी वेगळी माणसं. काळ वाईट असेल तर संख्या कमी चालेल, पण दोनाच्या खाली नाही. एकट्यावर सोपवलं तर सेवा करणारा तरी खचतो, नाहीतर ज्याची सेवा करायची त्याची आबाळ होते, हे आचार्यांना ठाऊक होतं. आपल्याला मात्र एक सून पुरते. तीच स्वयंपाक करणार, तीच मुलांचा अभ्यास घेणार, तीच सासूचे कपडे बदलणार, आणि वर "सासूशी दोन शब्द बोलत नाही" हा ठपकाही तिच्यावरच.

कुणी म्हणेल, ते मुनींसाठी आहे, घरच्या म्हातारीचा तिथं काय संबंध? अहो, समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्य हे श्रावकाच्या शिक्षाव्रतांत घातलंय. संयमींची सेवा करा, असं ते सांगतात. मग जिनं पन्नास वर्षं अष्टमी-चतुर्दशी सोडली नाही, दिवस मावळल्यावर घास घेतला नाही, ती आज्जी संयमी नाही तर कोण? भाद्रपदात आपण सोळाकारण करतो, त्यातली नववी भावना वैयावृत्त्याची. महाराजांचा संघ गावात आला की चौका लावायला आपली चढाओढ. लावावाच. पण त्याच गल्लीतली म्हातारी गेल्या चातुर्मासापासून बस्तीत दिसली नाही, हे कितीजणींच्या ध्यानात आलं?

ही घरं रिकामी कशी झाली, तेही बघू. 1899 साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली, गावोगावच्या मुलांसाठी बोर्डिंगं निघाली. मुलं शिकली, मग मुलीही शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या, लांब गेल्या. चांगलंच झालं. शिवाय मुलंच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015–16 मध्ये जैन स्त्रीमागे सरासरी 1.2 मुलं होती, 2019–21 मध्ये 1.6. एका मुलानं चार म्हाताऱ्यांना कसं सांभाळायचं? पाच भाऊ एका वाड्यात होते तेव्हाची रीत आजच्या सुनेकडून मागू नका.

आता घरी येणाऱ्या बाईनं एकटेपण कमी कसं होतं? फार साध्या गोष्टींनी. दहा वाजता कुणीतरी येणार म्हटलं की आज्जी नऊला केस विंचरून बसते. दिवसाला आकार येतो. समोर कुणी बसलं की दोन घास जास्त जातात. हात धरायला कुणी असलं की बस्तीपर्यंत पाय निघतो आणि तिथं चार मैत्रिणी भेटतात. ऐकू कमी येतं म्हणून गप्प झालेल्या म्हातारीला आपण 'विक्षिप्त' ठरवतो. रोज येणाऱ्या बाईला कळतं की कानातल्या यंत्राचा सेल संपलाय.

पण त्यासाठी बाई तीच हवी. दर आठवड्याला नवी 'ड्यूटी' आली की आज्जीनं रोज पहिल्यापासून ओळख सांगायची का? तिला आज्जीचं अर्धं मराठी, अर्धं कानडी कळायला हवं. आणि तिला धुणंभांडी लावू नका. ती बोलत बसली तर "बसून पगार घेते" म्हणू नका, बोलणं हेच तिचं काम आहे. वेळेवर पगार, आठवड्याची सुट्टी आणि बसायला खुर्ची, एवढं तिला द्या.

इथं सोवळं आडवं येतं. "तिची जात कुठली? स्वयंपाकघरात कशी चालेल?" कांदा-लसूण, गाळलेलं पाणी, सूर्यास्ताआधीचं जेवण, हे सगळं कुठलीही शहाणी बाई चार दिवसांत शिकते. अहिंसेचे नियम शिकवता येतात. जातीचा विटाळ हा आपला नियमच नव्हे, ती आपली खोड आहे. त्या खोडीपायी आईला उपाशी मनानं ठेवणं हीसुद्धा हिंसाच.

पैशाचं म्हणाल, तर ज्यांच्याकडे नाही त्यांची जबाबदारी समाजाची. 2007 च्या कायद्यानं आईबापांना मुलांकडून पोटगी मागता येते, सोबत मागता येत नाही. केरळात 1993 साली कोझिकोडला एक छोटं केंद्र निघालं. पुढं त्याच्याभोवती शेजारपाजारचे स्वयंसेवक उभे राहिले. नर्स घरी येऊन जखम बघते, स्वयंसेवक बसून बोलतात. 2008 मध्ये तिथल्या सरकारनं त्याचं धोरण केलं. आपल्याकडे बस्ती आहे, महिला मंडळ आहे, पूजेच्या बोलीत हजारो रुपये सहज निघतात. नाही ती फक्त यादी.

तेव्हा बायांनो, पुढच्या बैठकीत हळदीकुंकवाच्या वाणाआधी एक वही काढा. गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं लिहा, समोर वार लिहा, प्रत्येक वारी दोघी. गरजू बायकांना शिकवून कामाला लावा, ज्या घराला परवडत नाही तिथला पगार बोलीतून द्या. आणि वही एकट्या बायकांच्या हाती ठेवू नका. पंचांचीही नावं त्यात घाला, वारासकट.