पातं चोरून काय होणार?

परवा सकाळी बागेतल्या कट्ट्यावर पुन्हा कावेरी इंजिनाचा विषय निघाला. १९८९ साली बंगळुरूच्या जीटीआरईला हे काम मिळालं, २००८ मध्ये ते तेजस विमानापासून वेगळं काढलं गेलं आणि तेजस उडू लागलं ते अमेरिकन इंजिनावरच. एक स्नेही म्हणाले, "अहो मास्तर, एक परदेशी इंजिन उघडायचं, टर्बाइनचं पातं काढायचं, स्कॅन करायचं नि तसंच ओतायचं. त्यात इतकी वर्षं कसली लागतात?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही.

मी मराठीचा बी.ए. इंजिनाशी माझा संबंध स्कूटरपुरता. पण भाचा या क्षेत्रात आहे आणि निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे चक्क शिकवणी लावली. तेवढ्या शिदोरीवर सांगतो, "तसंच ओतायचं" हे अडाण्याचं बोलणं आहे.

सगळं पातं राहू द्या, त्याचं नुसतं टोक घ्या. पातं कवचाच्या आत फिरतं, म्हणून दोहोंत थोडी फट ठेवावीच लागते. ही फट असते साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पात्याच्या एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. त्यामुळे तापलेला वायू पातं ढकलण्याचं काम टाळून या फटीतून पळ काढतो आणि पलीकडे भोवरा करतो. ढोबळ हिशेब असा, की फट पात्याच्या उंचीच्या एक टक्क्याने वाढली तर टर्बाइनची कार्यक्षमता एक ते दोन टक्के घटते. मग फट बुजवून टाका की! तेही जमत नाही. इंजिन एकदम जोरात चालवलं की पाती ताणाने आणि उष्णतेने आधी लांबतात, कवच मागाहून फुगतं. फट फारच कमी ठेवली तर टोक कवचाला घासलंच म्हणून समजा.

म्हणून टोकाचा आकार महत्त्वाचा. ते पाटासारखं सपाट ठेवायचं की ताटासारखं काठाचं? काठाचं केलं की वायू पहिला काठ ओलांडून खळग्यात पडतो, तिथे घुटमळतो, मग दुसरा काठ चढतो. गळती कमी होते. पण वायूचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही जास्त! पातं पोकळ करून आतून हवा खेळवतात म्हणून ते टिकतं. ते बारीक काठ मात्र दोन्हीकडून भाजतात आणि तिथवर ही थंड हवा नीट पोचवणं महाकठीण. गळतीवर औषध करावं तर उष्णता डोकं वर काढते.

आणखी एक गंमत. सपाट टोकाची कड धारदार असेल तर वायू तिथे वळताना पृष्ठभागापासून सुटतो आणि वाट अरुंद होते. हीच कड गोल झाली की वायू अलगद घसरत आत शिरतो. गळतीही वाढते आणि टोकाला लागणारी सरासरी उष्णताही. आता सांगा, वापरलेल्या इंजिनातलं पातं स्कॅन केलंत तर हाती काय येईल? झिजून गोल झालेली कड! माझ्या वर्गात एक महाभाग होता. शेजाऱ्याचा पेपर उतरवताना त्याने बैठक क्रमांकसुद्धा शेजाऱ्याचाच लिहिला होता. असो.

बरं, कोरं करकरीत पातं मिळालं असं धरू. ती कड तशी का ठेवली, काठ एवढाच उंच का, हवेची भोकं तिथेच का, हे पात्यावर लिहिलेलं नसतं. ते त्यांच्या फसलेल्या चाचण्यांच्या वह्यांत असतं, आणि त्या वह्या कोणी विकत नाही. आपल्या इंजिनाची फट वेगळी, ताप वेगळा, मिश्रधातू वेगळा. तिथे दुसऱ्याचं टोक बसवलं तर ते जळेल नाहीतर घासेल.

कावेरीला झालेल्या उशिराचं समर्थन मी करत नाही. हिशेब जरूर मागा. पण चाचणीत जळालेल्या पात्यांना "वाया गेलेले पैसे" म्हणायचं नि चोरीला शहाणपण म्हणायचं, ही कुठली रीत? पाती जाळायला पैसा आणि मुभा दिली का, हाही हिशेबातलाच प्रश्न आहे. तो कट्ट्यावर कोणी विचारत नाही.

स्नेही शेवटी म्हणाले, "बरं बुवा, मग टोक कसं असावं ते तरी सांगा."

मी म्हटलं, "फट किती, ताप किती, किती तास चालवायचं, ते आधी सांगा."

ते चपला शोधू लागले.