तोफा लावलेले 'व्यापारी' आणि 'चाचे' ठरलेले आंग्रे

१/ आंग्रे म्हणजे चाचे आणि डच म्हणजे निरुपद्रवी व्यापारी, असे आजही सर्रास लिहिले जाते. १७५४ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्या आरमाराने तीन डच जहाजे गाठली. दोन मोठी जाळली, तिसरे धरून नेले. यालाच 'चाचेगिरी' म्हणतात. माझा या शब्दाला सरळ आक्षेप आहे.

२/ रॉबर्ट ऑर्म हा त्याच शतकातला, इंग्रज कंपनीच्या सेवेत राहिलेला इतिहासकार. आंग्र्यांविषयी त्याला यत्किंचितही ममत्व नव्हते. तोच लिहितो, की या तीन जहाजांवर ५०, ३६ आणि १८ तोफा होत्या. बेरीज १०४. एवढा दारूगोळा बाळगणाऱ्या ताफ्याला केवळ मालवाहू समजायचे काय?

३/ या तोफा निव्वळ स्वसंरक्षणासाठी होत्या, असेही म्हणता येत नाही. २० मार्च १६०२ च्या सनदेने डच कंपनीला पूर्वेकडे किल्ले बांधण्याचा, सैन्य ठेवण्याचा व तह करण्याचा अधिकार दिला. १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला तिची वखार उघडली, ती पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी चालू असताना. आणि तिथूनच त्या ताफ्याला रसद मिळे. व्यापार आणि युद्ध एकाच वहीत मांडलेले होते.

४/ आता आरसा पाहू. फेब्रुवारी १६०३ मध्ये डच कप्तान हेमस्कर्क याने सिंगापूरजवळ 'सांता कातारीना' हे पोर्तुगीज जहाज लुटले. माल विकून तीस लाखांहून अधिक गिल्डर मिळाले. कंपनीने या कृत्याच्या समर्थनासाठी ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला लेखणी हाती घ्यायला लावली. त्यातलेच एक प्रकरण १६०९ मध्ये 'मुक्त समुद्र' या सिद्धांताचा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाले. डचांनी जहाज धरले, तर आंतरराष्ट्रीय कायदा जन्मतो. तुळाजींनी धरले, तर दरोडा!

५/ कुणी म्हणेल, आंग्र्यांनी लहान व्यापाऱ्यांनाही लुटले. होय, दस्तक नसलेली गलबते ते धरत, आणि त्यात गरिबांचेही नुकसान झाले. ते झाकण्याचे कारण नाही. पण परवान्याची सक्ती या समुद्रात पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' काढून दोनशे वर्षे आधीच रूढ केली होती. माप एकच लावा, एवढेच मागणे.

६/ आपल्या पूर्वजांना हे उमगले होते. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' टोपीकरांविषयी बजावते, की हे इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीशी राजा आहे.

७/ आणि तरीही फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले, ते इंग्रजांच्या तोफांनी आणि पेशव्यांच्या संमतीने. जिंकणाऱ्याने 'चाचा' हा शिक्का मारला. आपण तो पाठ्यपुस्तकाप्रमाणे पाठ केला.

८/ हे मी जवळा बाजारात बसून लिहितो आहे. इथून समुद्र शेकडो कोस दूर. पण एकोणिसाव्या शतकात आमच्या हिंगोलीत निजामाच्या पैशावर, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली फौजेची छावणी होती. ती हुकमत ज्या कंपनीची, तीही किनाऱ्यावर तराजू घेऊनच उतरली होती. म्हणून पुढच्या वेळी 'व्यापारी जहाज' हा शब्द वाचाल, तेव्हा आधी तोफा मोजा.